बिनकाचेचा चष्मा

आदल्या रात्री साडेनऊला फोन. "ताई, उद्या सातचा कॉल. एकच दिवस आहे, पण रोल भारी आहे." भारी रोल म्हणजे दोन पानं आणि बिननावाचं पात्र, हे आता सवयीनं कळतं. कागदावर होतं, 'बाई, वय 55.' नवऱ्याचं खातं बंद करायला बँकेत आलेली. काउंटरवरचा कारकून, म्हणजे मालिकेचा नायक, सांगतो, "खातेदाराला स्वतः यावं लागेल." बाई म्हणते, "त्यांना येता आलं असतं तर मी कशाला आले असते?" वाक्य झकास होतं. लेखक सेटवर फिरकत नाही, नाहीतर त्याला तसं सांगितलं असतं.

सातच्या कॉलला पहिला शॉट साडेअकराला लागला. पाहुण्या कलाकाराचं मुख्य काम बसून राहणं.

मला चष्म्याशिवाय समोरचा माणूस धड दिसत नाही. पण काचेत लाइट दिसतात म्हणून कॉस्च्युमवाल्या दादांनी माझा चष्मा काढून घेतला आणि बिनकाचेची फ्रेम दिली. पडद्यावरचे बरेच चष्मे असेच असतात. मास्टरला, म्हणजे अख्खा सीन लांबून सलग घेतात तेव्हा, नायकाचा चेहरा नुसता धूसर. बोलता बोलता 'कशाला'पाशी मी सवयीनं चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागले. बोट आरपार गेलं तेव्हा लक्षात आलं. आता थांबणार कशी? पुसत राहिले. नायकाला हसू फुटलं होतं, पण तो मुरलेला, त्यानं ते भूमिकेत जिरवलं. कट झाल्यावर दिग्दर्शक धावत आला. "काय बिझनेस काढलात, ताई! ठेवायचाच हा." बिझनेस म्हणजे बोलता बोलता नटानं केलेली अशी छोटी कृती.

मी हसले. खरं काय ते बोलले नाही.

मास्टरमध्ये केलेलं मग गळ्यात पडतं. कंटिन्युइटीवाली मुलगी वहीत टिपते: चष्मा कुठल्या शब्दावर निघाला, कुठल्या हातानं, पदराचं टोक कुठे होतं. मग तोच सीन पुन्हा पुन्हा, दर वेळी कॅमेरा वेगळीकडे: त्याच्या खांद्यावरून, माझ्या खांद्यावरून, त्याचा क्लोज, म्हणजे जवळून नुसता चेहरा. दर वेळी 'कशाला' आलं की उजवा हात वर. सहाव्यांदा तो हात माझा राहिला नव्हता.

नायकाचा क्लोज आधी उरकला, त्याला दुसऱ्या शूटिंगला जायचं होतं. त्याचा दोष नाही. पण पाहुण्याच्या क्लोजला समोर कोण उभं राहणार, याचा विचार कुणी करत नाही.

माझा क्लोज लागला आणि कॅमेरामन ओरडला, "अरे, पदर आरपार दिसतोय!" वीस मिनिटं खल झाला. काच घातली तर लाइट येणार. शेवटी आर्टच्या मुलानं फाइलच्या पारदर्शक कव्हरातून दोन चकत्या कापून बसवल्या. काड्या कानावरून जरा उचलल्या की काच खाली झुकते आणि लाइट येत नाहीत, ही जुनी युक्ती. पण मग चष्मा नाकावरून घसरतो. चिकटपट्टी लावावी, तर काढायचा कसा?

समोर सहायक दिग्दर्शक, हातात कागद, आवाज सपाट. "खातेदाराला. स्वतः. यावं लागेल." पहिल्या दोन टेकना मी मनात चिडले. तिसऱ्याला वाटलं, काउंटरवरचे आवाज खरं तर असेच तर असतात. प्लॅस्टिकमधून सगळं दुधाळ दिसत होतं. वाक्य आपोआप हळू आलं. पुसताना पदर काचेवर अडला, दिवसात पहिल्यांदाच.

कुणी हसलं नाही. दिग्दर्शक म्हणाला, "सुंदर. जरा जड झालं, एक हलका देता?" दिला.

भाग लागला. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून 22 मिनिटं, त्यात मी जेमतेम मिनिटभर. वाक्य माझ्या आवाजात, चेहरा मात्र नायकाचा. मग लांबून मी, चष्मा पुसताना, त्यावर हशा. क्लोज नाहीच, ना जड, ना हलका. एडिटरवर दोन दिवस राग होता. मग पुन्हा पाहिलं, तर सीन जमलाय, हे नाकारता येईना.

तो तुकडा मी चारदा थांबवून पाहिलाय. नीट बघितलं तर बोट आरपार गेलेलं दिसतं. काल पुन्हा फोन आला: त्या बाई परत येणार आहेत, चष्म्याचा बिझनेस हवाच.