कॅज्युअल्टीच्या कागदावरची दहा वर्षं

विमा कंपनीत नोकरी करते म्हटलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. त्याला वाटतं, आता ही पॉलिसी गळ्यात मारणार. मी पॉलिसी विकत नाही. मी बीएएमएस डॉक्टर आहे आणि आरोग्य विम्याच्या क्लेम विभागात काम करते. पुण्यातल्या येरवडा, विमाननगर, खराडी या पट्ट्यातल्या विमा कंपन्यांत आणि टीपीएंमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थांमध्ये, बीएएमएस, बीएचएमएस झालेली माझ्यासारखी पुष्कळ मंडळी सापडतील. रुग्ण आमच्यासमोर येत नाही, त्याचे कागद येतात. अ‍ॅडमिशन नोट, तपासण्या, इनडोअर केसपेपर, बिलं. ते वाचायचे, पॉलिसीच्या अटींशी ताडून पाहायचे, शंका आली तर हॉस्पिटलला क्वेरी टाकायची.

रांग कधी संपत नाही. २०२४ पासून नियम असा आहे की कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीनं थेट हॉस्पिटलला भरावं अशा अर्जावर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम परवानगी तीन तासांत द्यायची. पावसाळ्याच्या अखेरीस डेंग्यू आणि चिकनगुनियाच्या फाइलींचा पूर येतो. २०२५ च्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा त्यावरच्या इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनांची भली मोठी बिलं एकामागून एक येत होती. पेशंट व्हेंटिलेटरवर आणि आमच्या स्क्रीनवर घड्याळ पळतंय, असे ते दिवस होते.

खोटे क्लेमही येतात, हे सांगितलंच पाहिजे. एकाच लॅबचा रिपोर्ट नाव बदलून तीन फाइलींत लागलेला मी पाहिला आहे, प्लेटलेटचा आकडासुद्धा तोच. खाटांपेक्षा जास्त पेशंट भरती दाखवणारी हॉस्पिटलं पाहिली आहेत. तो पैसा प्रामाणिक माणसाच्या हप्त्यातून जातो. त्यामुळे तपासणी व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तपासणी म्हणजे नाकारायला कारण शोधणं नव्हे. हे मी नव्या मुलांना पुन्हापुन्हा सांगते, आणि सांगताना मला हडपसरजवळच्या मांजरी गावची एक केस आठवते.

२०२४ चा नोव्हेंबर. बावन्न वर्षांचे गृहस्थ, हडपसर औद्योगिक वसाहतीत स्टोअरमध्ये नोकरी, राहायला मांजरीला. मध्यरात्री छातीत कळ आली, हॉस्पिटलात नेलं, पहाटे अँजिओप्लास्टी, दोन स्टेंट. पॉलिसी ऑगस्ट २०२० ची, पाच लाखांची. करोनाच्या भीतीनं तेव्हा अनेकांनी घेतली तशी यांनीही घेतली होती. कॅज्युअल्टीच्या कागदावर इंग्रजीत एक ओळ होती : मधुमेह, दहा वर्षांपासून. डिस्चार्ज कार्डावरही तीच ओळ उतरली होती. पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्मवर मधुमेहाच्या रकान्यात मात्र ‘नाही’.

अशा वेळी कॅशलेस थांबतं. कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. आधी बिल भरा, मग कागद पाठवून परतावा मागा, असा त्याचा अर्थ. पण काउंटरवर उभ्या असलेल्या बाईला हा फरक सांगून उपयोग काय? तिला सकाळपर्यंत तीन लाख चाळीस हजार उभे करायचे असतात. काकूंनी पतसंस्थेत दागिने ठेवले, भिशी आधी उचलली आणि नवऱ्याला घरी नेलं.

परताव्याची फाइल माझ्याकडे आली ती प्रत्यक्ष पडताळणीसाठी. आधीच्या टेबलावरचा शेरा होता : पूर्वीचा आजार लपवला, क्लेम नामंजूर करावा. कागदावर पाहिलं तर शेऱ्यात चूक काढता येत नव्हती. आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा खर्च मिळत नाही तो काळ, आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, तो इथे उलटला होता. पण सलग साठ महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याचा मुद्दा काढता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच काढता येतो. आणि यांचे साठ महिने भरले नव्हते. म्हणजे माणूस नेमका त्या मधल्या पट्टीत अडकलेला.

मी आधी आमचीच जुनी फाइल उघडली. पॉलिसी देताना कंपनीनं त्यांची रक्ततपासणी करून घेतली होती. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ५.४. मधुमेह नसलेल्या माणसाचा आकडा. दहा वर्षांचा मधुमेह असलेला माणूस सहा वर्षं आजार अंगावर काढून गोळ्यांशिवाय ५.४ वर कसा असेल? गोळ्या चालू असतील तर शक्य आहे. मग त्या गोळ्या कुठेतरी सापडायला हव्यात.

सकाळी गाडी काढून थेट हॉस्पिटल गाठलं. रेकॉर्ड विभागातल्या मुलानं मूळ केसपेपर काढून दिला. स्कॅनवर न दिसणाऱ्या गोष्टी मूळ कागदावर दिसतात : पेनाची शाई, कुठे दाबून लिहिलंय, कोणता रकाना घाईत सोडलाय. कॅज्युअल्टीची नोट रात्री पावणेदोनची होती. माहिती देणाऱ्याच्या जागी ‘भाऊ’ असं लिहिलेलं. आणि कुटुंबातल्या आजारांचा रकाना कोरा. हृदयविकाराच्या पेशंटला हा प्रश्न विचारला जात नाही, असं होत नाही. विचारला असेल, तर उत्तर कुठे गेलं?

तिथून मांजरीला. दोन खोल्यांचं घर, काका कॉटवर बसलेले, चेहरा उतरलेला. विमा कंपनीची बाई आली म्हटल्यावर काकूंनी पाणी दिलं, पण त्यांच्या हाताला कंप होता. थोरले भाऊ शेजारीच राहतात, त्यांना बोलावलं.

‘‘त्या रात्री डॉक्टरांनी काय काय विचारलं, आठवतं का तुम्हाला?’’

‘‘मॅडम, ह्याला बोलता येत नव्हतं. सगळं मीच सांगितलं. त्यांनी विचारलं घरात शुगर, बीपी आहे का. म्हटलं, आहे की. शुगर, दहा वर्षं झाली.’’

‘‘कोणाला?’’

‘‘मला.’’

खोलीत कोणीच काही बोललं नाही. भाऊंना हळूहळू उमगत गेलं आणि ते मटकन खाली बसले. ‘‘माझ्यामुळं झालं का हे सगळं?’’ असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, तुम्ही खरं तेच सांगितलं, लिहिणाऱ्यानं ते भलत्या रकान्यात टाकलं. त्या रात्रपाळीच्या पोरालाही मी दोष देत नाही. समोर छाती धरून विव्हळणारा माणूस असताना त्याचं लक्ष ईसीजीवर असणार, आणि तसंच असायला हवं.

पण एवढ्यावर अहवाल होत नाही. क्लेम अडकल्यावर नातेवाईक काहीही सांगू शकतात, आणि हॉस्पिटलंही दुरुस्तीचं पत्र सहज देतात. त्यामुळे अशा पत्राला आमच्याकडे फारसं वजन नसतं. वजन असतं ते आजारपणाच्या आधी तयार झालेल्या कागदाला. भाऊंनी घरी जाऊन त्यांची प्लास्टिकची पिशवी आणली. मधुमेहाच्या डॉक्टरांचं त्यांचं पहिलं कार्ड २०१४ चं. दहा वर्षं बरोबर जुळली. मग मी काकांच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या रजिस्टरमध्ये काकांची साखर पहिल्यांदा वाढलेली सापडली ती २०२३ च्या दिवाळीनंतर. मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची गोळी, तेव्हा सुरू झालेली. त्याआधीच्या नोंदी ताप, खोकला, पाठदुखी एवढ्याच. गावातल्या औषध दुकानातली बिलंही त्याच महिन्यापासूनची.

निघताना काकूंना मी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. निर्णय माझ्या हातात नाही. नामंजूर झालाच तर कारण लेखी मागा, आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, तिथे दाद लागली नाही तर नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. हे सांगणं माझ्या कामाच्या विरोधात आहे असं काहींना वाटेल. मला तसं वाटत नाही. हा पत्ता ग्राहकाला कळू नये असं ज्या कंपनीला वाटतं, तिच्या तपासणीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

अहवालात मी रक्ततपासणी, रजिस्टरचं पान, २०१४ चं कार्ड आणि कोरा रकाना या चारही गोष्टी तारखांसकट मांडल्या. कोणताही क्लेम आता एकट्यादुकट्या अधिकाऱ्याच्या सहीनं नामंजूर होत नाही, क्लेम आढावा समितीची मान्यता लागते. समितीत एकानं विचारलं, भाऊ नंतर शिकवलेलं बोलत असतील तर? रास्त प्रश्न होता. मी म्हटलं, भाऊंना बाजूला ठेवा. आपण स्वतः काढलेल्या २०२० च्या रिपोर्टचं काय करायचं? तो रिपोर्ट आपला आहे, हप्ता ठरवताना आपण तो प्रमाण मानला. आता पैसे द्यायची वेळ आल्यावर तो बाजूला कसा सारायचा?

क्लेम मंजूर झाला. हातमोजे, फाइलचे पैसे, असल्या न मिळणाऱ्या बाबी वजा होऊन बाकीची रक्कम खात्यात जमा झाली. काकूंचा फोन आला तो पतसंस्थेतूनच. मागे कोणीतरी टोकन नंबर पुकारत होतं.

काही दिवसांनी भाऊंचाही फोन आला. ते त्रेसष्ट वर्षांचे. स्वतःसाठी पॉलिसी घ्यायची होती, पण एका एजंटानं सल्ला दिला होता : शुगरचं लिहू नका, हप्ता वाढेल. मी म्हटलं, भाऊ, लिहा. २०१४ साल लिहा, गोळ्यांची नावं लिहा, डोस लिहा. हप्ता जास्त बसेल, शुगरशी संबंधित खर्चाला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, कदाचित एखादी कंपनी नाहीच म्हणेल. पण जी हो म्हणेल ती सगळं माहीत असून हो म्हणेल.

त्यांनी त्या जुन्या कार्डाची झेरॉक्स काढून प्रपोजल फॉर्मला जोडली. पॉलिसी मिळाली. आमच्याकडे नाही, दुसऱ्या कंपनीत. तिथे हप्ता कमी बसत होता.