खडीर बेटाच्या वाटेवर

डिसेंबरात आम्ही चौघे मित्र बेळगावहून गाडीने कच्छला गेलो. त्या प्रवासातला माझ्या मनात घर करून राहिलेला भाग म्हणजे खावड्याहून धोलावीऱ्याकडे जाणारा, मोठ्या रणाला छेदणारा सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत मिठाचा पांढरा थर पसरला होता, आणि गाडी बंद केल्यावर वाऱ्याखेरीज कोणताही आवाज उरला नाही. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात वाढलेल्या आम्हाला इतका कोरडा मुलूख सर्वस्वी नवा होता.

इंधन आणि पाणी आम्ही भुजलाच भरून घेतले होते, ते बरे झाले.

खडीर बेटावरचे धोलावीरा हे हडप्पा संस्कृतीचे नगर २०२१ साली जागतिक वारसा यादीत आले. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांचे पाणी बंधाऱ्यांनी अडवून मोठमोठ्या हौदांत साठवायचे, अशी तिथल्या लोकांची योजना होती. अशाच एका हौदाच्या पायऱ्यांपाशी आम्ही बराच वेळ उभे राहिलो. मलप्रभा जिथे उगम पावते त्या खानापूर तालुक्यातला आमचा मित्र, ज्याच्या घरी उन्हाळ्यात विहीर आटते, तो एकेक पायरी मोजत खाली पाहत होता, आणि निघायची वेळ झाली तरी त्याला हाक मारणे आम्हाला जमले नाही.