काट्यावरचा प्रिंटर आणि लेखा विभागातला प्रिंटर

गाळप हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा संगणक बंद ठेवता येत नाही. त्या लिनक्स संगणकावरून दोन ठिकाणी छपाई होत असे: काट्याची पावती शेजारच्या डॉट मॅट्रिक्सवर आणि पंधरवड्याची ऊसबिले लेखा विभागातल्या लेझर प्रिंटरवर, नेटवर्कमार्गे. मला बोलावणे आले ते लेझरमुळे. जुने यंत्र बिघडल्याने त्याच आयपी पत्त्यावर नवे बसवले होते आणि बिलांऐवजी त्यातून निरर्थक मजकुराची पानेच्या पाने पडत होती.

पहिल्या ओळीच्या सुरुवातीला टक्क्याचे चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पीएस ही अक्षरे दिसताच उलगडा झाला: बिलांचा प्रोग्राम पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत मजकूर पाठवत होता, जुन्या यंत्राला ती समजत असे, नव्याला फक्त पीसीएल ही दुसरी भाषा कळत होती, आणि कप्स या छपाई सांभाळणाऱ्या व्यवस्थेतला त्या प्रिंटरचा क्यू, म्हणजे कामांची रांग, 'रॉ' (रूपांतर न करणारा) असल्याने आलेला मजकूर जसाच्या तसा प्रिंटरच्या ९१०० या नेटवर्क पोर्टवर जात होता. प्रथम 'कप्सडिसेबल' कमांडने तो क्यू थांबवला. 'कप्सरिजेक्ट' मुद्दाम टाळली, कारण तिने नवी कामे नाकारली गेली असती आणि लेखा विभागाला ती साठून राहायला हवी होती. यंत्राच्या स्मृतीत शिरलेला मजकूर मात्र ते बंद करून सुरू केल्यावरच गेला. मग 'एलपीअ‍ॅडमिन'ने क्यूला जेनेरिक पीसीएल ड्रायव्हर, म्हणजे मजकूर प्रिंटरच्या भाषेत बदलणारा दुवा, दिला आणि क्यू पुन्हा चालू केला. साठलेली बिले आता गोस्टस्क्रिप्ट या प्रोग्राममधून रूपांतरित होऊन नीट छापली गेली, ती नव्याने पाठवावी लागली नाहीत.

खरी धांदल त्यानंतर उडाली. दोन्ही क्यू एकसारखे असावेत, या हेतूने एका सहकाऱ्याने डॉट मॅट्रिक्सलाही ड्रायव्हर बसवला. काट्याचा प्रोग्राम साधी अक्षरे आणि एस्केप कोड, म्हणजे प्रिंटरसाठीच्या सूचना, पाठवतो, प्रिंटर स्वतःच्या फाँटने ती झरझर छापतो. ड्रायव्हर आल्यावर तीच पावती चित्र म्हणून टिंबाटिंबाने उमटू लागली, एस्केप कोडचा अर्थ हरवला आणि बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या खोळंबल्या. नीटनेटकेपणाची ही हौस संगणक विभागांत फार आढळते. तो क्यू मी पुन्हा रॉ केला आणि दोन्ही क्यूंच्या वर्णनात, कोणत्याला ड्रायव्हर हवा आणि कोणत्याला मुळीच नको, हे कारणासह लिहून ठेवले.