इंदूरच्या रीफ टँकसाठी स्किमर किती मोठा? माझा अनुभव

प्रोटीन स्किमर म्हणजे रीफ टँकमधली, प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतली, घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र. त्याच्या खोक्यावर लिटरचा जो आकडा छापलेला असतो, तो मी निवड करताना सगळ्यांत शेवटी पाहिला. तो कसा मोजायचा याचं सर्वांना लागू होणारं माप नाही; कंपनी ठरवेल ते. एकाच मॉडेलवर मोठ्या अक्षरांत ‘1000 लिटरपर्यंत’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘मासे जास्त असल्यास 400 लिटर’. यंत्र तेच, मग आकडा निम्म्याहून खाली कसा आला? कारण स्किमरचं काम पाण्याच्या लिटरवर कमी आणि तुम्ही रोज टाकीत किती खाणं टाकता यावर जास्त ठरतं.

माझी टाकी चार फुटी, 120 × 45 × 50 सें.मी. गुणाकार केला तर 270 लिटर. पण काठोकाठ कोणी भरत नाही, आणि दगड-वाळूही आपली जागा घेतात. वर दोनशेच्या थोडं पुढे, खाली संपमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या यंत्रं ठेवायच्या दुसऱ्या टाकीत, साठेक, म्हणजे सगळं मिळून पावणेतीनशेच्या आत. मासे मोजके: दोन क्लाउनफिश, एक फायरफिश, एक गोबी. दिवसाला फ्रोझन मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जीवांचा) एक क्यूब पुरतो. प्रवाळ सगळे मऊ जातीचे, झोअँथिड, मशरूम आणि एक लेदर. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा त्या वाटेला जायचंच नव्हतं. थोडक्यात, टाकी मध्यम आणि भार हलका.

डाळ शिजताना वर फेस धरतो आणि आपण तो पळीने काढून टाकतो, स्किमर तेच करतो. पाण्यात हवेचे अगदी बारीक बुडबुडे सोडायचे. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, शेवाळाचा चिकटा यांतले काही सेंद्रिय रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागाला धरून वर चढतात आणि स्किमरच्या वरच्या नळीतून, म्हणजे मानेतून, कपात पडतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, म्हणून हे जमतं. गोड्या पाण्याच्या टाकीत हेच यंत्र जवळजवळ निरुपयोगी. आणि ही घाण कुजून एकदा नायट्रेट तयार झालं की स्किमर ते काढत नाही. तो त्याच्या आधीचा कच्चा माल उचलतो, एवढंच.

शेवटी दोन मॉडेल उरली. धाकट्याचा पंप तासाला 600 लिटर हवा ओढणारा, मान 9 सें.मी. रुंद, 12 वॅट. थोरल्याची हवा 1300 लिटर, मान 13 सें.मी., 28 वॅट. किमतीत फरक होता, पण असा नव्हता की त्यावरच निर्णय व्हावा.

ठाण्याचा मित्र माझ्या आधीपासून या नादात आहे. तो फोनवर म्हणाला, “अरे, डोळे मिटून मोठाच घे. टाकीच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा, सगळे तसंच करतात.” सगळे करतात हे खरं. पण फेस मानेतून वर चढायला त्याला आधार लागतो, आणि तो आधार म्हणजे पाण्यातला सेंद्रिय मालच. माल कमी आणि मान रुंद असेल तर फेस अर्ध्या वाटेवर फुटतो. कप कोरडा राहतो, मालक रोज स्किमरमधली पाण्याची पातळी बदलणारी झडप, म्हणजे गेट, फिरवत बसतो, आणि एखाद्या दिवशी जास्त खाणं पडलं की तोच स्किमर भसाभसा पाणी ओततो. हलक्या भाराला अरुंद मान जास्त शहाणी, असं माझं मत झालं.

मला आणखी एका गोष्टीने धीर दिला. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी 2009 च्या सुमारास वेगवेगळे स्किमर प्रत्यक्ष मोजून पाहिले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण 20 ते 35 टक्केच स्किमर काढतो, बाकीच्याला तो हात लावू शकत नाही, असं त्यांना दिसलं. म्हणजे दुप्पट क्षमतेचा स्किमर घेऊन पाणी दुप्पट स्वच्छ होणार नव्हतं. हे मित्राला सांगितलं. तो म्हणाला, “बघ बाबा, टाकी तुझी.”

त्यानंतरचा खरा निकाल कॅबिनेटने लावला. आतली उंची 68 सें.मी. थोरला स्किमर 54 चा, आणि त्याचा कप बाहेर काढायला वर आणखी 15 सें.मी. मोकळे हवेत. संपची काच आणि खालचा फोम धरला तर बेरीज 71. कप काढता येत नसेल तर तो धुणार कसा? धाकटा 46 चा, त्याला 12 ची मोकळीक पुरते. म्हणून धाकटाच घेतला. ही बेरीज स्किमर घेण्याआधी कोणी करत नाही, आणि नंतर सुतार शोधत फिरतात.

संपची काच रामबागेजवळच्या एका कारागिराकडून कापून घेतली. त्याने आयुष्यभर गोड्या पाण्याच्या टाक्या केलेल्या, तरी प्रश्न नेमका विचारला, “भिया, इस खाने में पानी कित्ता रखना है?” त्या एका आकड्यावर स्किमरचं नशीब ठरतं. माझ्या मॉडेलला 18 ते 22 सें.मी. पाणी हवं होतं. आडवी काच 20 वर बसवली. काचेमुळे स्किमरच्या कप्प्यातली पातळी हलत नाही. बाष्पीभवनाने घटतं ते पुढच्या, रिटर्न पंपाच्या (पाणी परत वर टाकीत चढवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यातलं पाणी. मे महिन्यात इंदूरच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं. मी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलं, पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-ऑफ लावला आहे. पातळी वरखाली होत राहिली असती तर फेसही रोज वरखाली झाला असता, आणि दोष बिचाऱ्या स्किमरला गेला असता.

उन्हाळ्याचा आणखी एक हिशेब होता. समुद्राच्या खारटपणाच्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे साधारण 6.8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना 6.2. दुपारी टाकी तापली की स्किमरची हवा फेसापेक्षा श्वासासाठी जास्त कामी येते, म्हणून तो इन्व्हर्टरवर चालणारच हवा होता. तिथे 12 आणि 28 वॅटमधला फरक बॅटरीला कळतो. रिटर्न पंपही त्याच इन्व्हर्टरवर ठेवला. नाहीतर वीज गेल्यावर वरचं पाणी संपमध्ये उतरतं, पातळी चढते, आणि वीज येताच बुडालेला स्किमर कप ओसंडून टाकतो.

स्किमर मुंबईहून पार्सलने आला. आधी व्हिनेगरच्या पाण्यात चालवून कारखान्याचं तेलकट काढलं, मग संपमध्ये ठेवला. सुरुवातीला फेस मनमानी करतो. त्या काळात गेट सतत फिरवू नये, पाणी मानेच्या तळाशी ठेवून गप्प बसावं. मी तेच केलं. आठवडाभराने कपात चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग ते गडद होत गेलं. पहिल्यांदा कप धुतला तेव्हा आई नाकाला पदर लावून म्हणाली, “एवढ्याशा माशांची एवढी घाण?”

आता पाणी मानेच्या थोडं खाली ठेवून जरा कोरडा फेस काढतो. मानेच्या आतला चिकट थर दर दोन-तीन दिवसांनी पुसतो, कारण तो साचला की फेस वर चढेनासा होतो. कप भरलेला नसला तरी मान पुसायचीच. नायट्रेट 10 पीपीएमच्या आसपास असतं, मऊ प्रवाळांना ते चालतं. पुढे एखादा लहान जातीचा टँग मासा आणायचं मनात आहे. खाणं वाढलं की हाच स्किमर थोडा ओला, म्हणजे पाणी जरा वर ठेवून, चालवून पाहीन.