शेलीला पाहिलेला माणूस

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर पहिल्यांदा उभं राहिलं ते आमच्या इंग्रजीच्या सरांच्या काखेतलं पुस्तक. पॅलग्रेव्हने निवडलेल्या इंग्रजी कवितांचा संग्रह, ‘गोल्डन ट्रेझरी’. पाठ निखळलेली, तिच्यावर खाकी कापडाची पट्टी खळीने डकवलेली. १९७७ साली मी नववीत होतो. पाचवीला एबीसीडी गिरवलेली आम्ही मुलं. पण मोकळा तास मिळाला की सर पाठ्यपुस्तकं दप्तरात टाकायला लावत, ‘गोल्डन ट्रेझरी’तली एखादी कविता वाचत आणि अर्थ मराठीत सांगत.

एकदा वर्डस्वर्थची डॅफोडिल्सची कविता झाली. दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर भलतीच कविता लिहून काढली, तोंडपाठ. रॉबर्ट ब्राउनिंगची ‘द लॉस्ट लीडर’, १८४५ सालची. ती संग्रहात नव्हती, कारण १८६१ साली तो निघाला तेव्हा हयात असलेले कवी पॅलग्रेव्हने घेतलेच नव्हते. तरुणपणी फ्रेंच राज्यक्रांतीने भारावलेला वर्डस्वर्थ म्हातारपणी सरकारी पेन्शन घेतो, १८४३ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी राजकवी होतो, याची ब्राउनिंगला चीड आली होती. मूठभर चांदीसाठी, कोटावर लावायच्या फितीसाठी हा आम्हाला सोडून गेला, असं तो सरळ म्हणतो. आम्हाला ते फार आवडलं. काल आम्ही ज्याची कविता पाठ केली, त्याची आज कुणीतरी हजेरी घेत होतं!

सर म्हणाले, “अरे, खालच्या ओळी वाचा की. याची भाषा आम्ही शिकलो, याचा स्वर उचलला, जगावं-मरावं कसं ते याच्याकडे बघून ठरवलं, असं लिहितोय तो. एवढं रागवायला आधी किती जीव लावलेला असावा लागतो!”

पुढे मी इंग्रजी साहित्यच घेतलं आणि आयुष्यभर कॉलेजात तेच शिकवलं. व्हिक्टोरियन, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लेखकांनी आधीच्या रोमँटिक कवींकडे, म्हणजे वर्डस्वर्थ, बायरन, शेली यांच्याकडे पाठ फिरवली, असं परीक्षेच्या नोट्समध्ये एका ओळीत उरकलेलं असतं. मला ते कधीच पटलं नाही, आणि ते सरांच्या त्या वाक्यामुळे. १८२४ साली बायरन ग्रीसमध्ये वारल्याची बातमी इंग्लंडात आली तेव्हा पुढे मोठा व्हिक्टोरियन कवी झालेला टेनिसन १४ वर्षांचा होता, म्हणजे आमच्या वर्गात बसेल एवढा. तो घराबाहेर पडला आणि एका दगडावर ‘बायरन गेला’ एवढंच कोरून आला. विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचं त्याहून वेगळं. तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकायला बसवलेला हा मुलगा विसाव्या वर्षी आतून पार कोरडा पडला. बायरन वाचून बघितला; त्याचं दुखणं आपल्यासारखंच निघालं, उतारा काही सापडला नाही. १८२८ साली वर्डस्वर्थ हाती घेतला आणि हळूहळू मन ओलावलं. हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. आई गेली त्या वर्षी मी ती पानं पुन्हा पुन्हा वाचली.

कवी आणि समीक्षक मॅथ्यू आर्नल्डच्या घरच्यांचा तर वर्डस्वर्थशी शेजारच होता. १८५० च्या एप्रिलमध्ये वर्डस्वर्थ वारला तेव्हा आर्नल्डने लिहिलं, की जर्मन कवी ग्योटेचं शहाणपण आणि बायरनचं बळ काळाच्या ओघात युरोपला पुन्हा मिळेलही, पण वर्डस्वर्थची जखम भरून आणणारी शक्ती कुठून आणायची? आणि याच आर्नल्डने १८६४ साली म्हटलं, की या रोमँटिक कवींकडे जोम भरपूर होता, ज्ञान पुरेसं नव्हतं. शेलीला त्याने सुंदर पण निष्प्रभ देवदूत ठरवलं. शेलीच्या बाबतीत तो चुकला, असं माझं ठाम मत आहे.

कारण ब्राउनिंगचा शेली मला ठाऊक आहे. शेली बुडाला तेव्हा ब्राउनिंग दहा वर्षांचा. त्याने त्याला कधी पाहिलं नाही. किशोरवयात शेलीच्या पायी त्याने काही काळ मांसाहार सोडला होता. पुढे लंडनमधल्या एका पुस्तकाच्या दुकानात कुणी अनोळखी गृहस्थ सहज म्हणाला, की शेली एकदा माझ्याशी बोलला होता. ब्राउनिंगचा चेहरा पांढरा पडला, आणि तो गृहस्थ हसला. १८५५ साली छापलेली ‘मेमोराबिलिया’ ही १६ ओळींची कविता त्यातूनच आली. तुम्ही शेलीला प्रत्यक्ष पाहिलंत? तो थांबला, तुमच्याशी बोलला? पुढे कवितेत एक माळरान येतं. त्या ओसाड माळावरची वीतभर जागा तेवढी लक्षात राहिलीय. तिथे गरुडाचं गळलेलं पीस सापडलं, ते छातीशी ठेवलं. बाकीचं विसरलो, म्हणतो.

परवा स्मरणिकेच्या कामासाठी शाळेत गेलो होतो. ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटात ते खाकी पट्टीचं पुस्तक दिसलं. पुस्तकं पुसत असलेल्या नववीतल्या मुलीने विचारलं, “आजोबा, तुम्ही या सरांना बघितलंय? ते तुमच्याशी बोलायचे?”

मी तिला सांगितलं, सर डावखुरे होते. फळ्यावर लिहिताना नुकतंच लिहिलेलं त्यांच्याच बाहीने पुसलं जायचं, आणि मागे वळून ते पुन्हा तेच शब्द लिहायचे.