रेसलमेनिया ४१: लास व्हेगास व्हाया करी रोड

लास व्हेगासमध्ये दुपारचे चार वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार होतात, आणि डोंबिवलीत पहाटे साडेचारला घरात टीव्ही लावून रेसलर जॉन सीनाच्या नावाने बोंबलणं म्हणजे बायको, सासूबाई आणि खालच्या मजल्यावरचे काका अशा तिघांशी एकदम पंगा. म्हणून या वेळी ठरवलं की रेसलमेनिया, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा शो, लालबागला मंग्याकडे बघायचा. दोन्ही रात्री. म्हणजे तिकडच्या शनिवार-रविवारच्या रात्री, आपल्या रविवार आणि सोमवारच्या पहाटा, २० आणि २१ एप्रिल २०२५.

शनिवारी रात्री जेवून निघालो, फास्टने दादर, तिथून स्लोने करी रोड. उलट्या दिशेला त्या वेळी गर्दी कसली, डब्यात माझ्यासोबत दोन जण झोपलेले आणि एक जण फोनवर भांडत होता. करी रोडच्या पुलावर आलो आणि नाकाला कळलं की एप्रिल चालू आहे. मिरची गल्लीतले डंके रात्री बंद असले तरी दिवसभर कुटलेल्या मसाल्याचा वास हवेत तसाच राहतो, भारतमाताच्या सिग्नलपर्यंत मी दोनदा शिंकलो.

मंग्याची खोली म्हणजे चाळीतली एक खोली आणि पोटमाळा. त्यात मंग्या, त्याची आई, आजोबा आणि आम्ही बाहेरून आलेले चार जण. सगळे एकाच वयाचे, म्हणजे शाळेत असताना ट्रम्प कार्डवर उंची, छाती, बायसेप्स बघून रेसलर ओळखणारे आणि अंडरटेकर मरून परत जिवंत झालाय हे शपथेवर सांगणारे. पूर्वी केबलवाल्याच्या कृपेवर होतो, त्याच १ एप्रिलपासून भारतात सगळं नेटफ्लिक्सवर आलंय, त्यामुळे हा इथला नेटफ्लिक्सवरचा पहिलाच मेनिया.

पहिली मॅच जे उसो आणि गुंथरची. हा जे उसो इतकी वर्षं भावासोबत टॅग टीममध्ये राहिलेला, सगळ्यांना वाटायचं हा एकटा काय करणार, आणि गुंथर म्हणजे असा माणूस की ज्याच्या चापट्यांचा आवाज ऐकून आपल्याच छातीला हात जातो. मॅच ऐन रंगात आली आणि नळाला पाणी आलं. काकूंनी सांगितलं, "आधी पिंप भरा, मग काय ती हाणामारी बघा." मग काय, बादल्यांची साखळी. नळापासून दारापर्यंत मी, दारापासून मोरीपर्यंत पक्या, आणि माना सगळ्यांच्या टीव्हीकडे वळलेल्या. जेने गुंथरचा गळा आवळला, गुंथरने टॅप केलं म्हणजे हार मानली, पक्याने हातातल्या बादलीसकट जेचा तो हात उडवत नाचायचा 'यीट' केला आणि अर्धी बादली माझ्या पायावर. शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली ती पडलीच.

मधल्या मॅचेस मी सांगत बसत नाही, जेकब फाटूने एलए नाइटकडून युएस टायटल घेतलं ते मात्र आवडलं, एवढ्या अवजड देहाचा माणूस हवेत असा उडतो हे बघूनच पैसे वसूल.

आणि मग मेन इव्हेंट. सीएम पंक, रोमन रेन्स, सेथ रॉलिन्स, तिघांची एकत्र मॅच. यातली गंमत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: त्याआधीच्या नोव्हेंबरमध्ये वॉरगेम्स या टीमविरुद्ध टीम मॅचला पंक रोमनच्या बाजूने उतरला, त्या बदल्यात रोमनच्या मॅनेजर पॉल हेमनने त्याला एक शब्द दिला होता. पंकने तो शब्द वसूल कसा केला, तर रेसलमेनियाला तू माझ्या कोपऱ्यात उभा राहायचं. म्हणजे रोमनचा इतक्या वर्षांचा कारभारी आता पंकच्या बाजूला. आठवडेच्या आठवडे हा बिचारा दोघांच्या मध्ये घाम पुसत फिरत होता आणि आम्ही सगळे वाद घालत होतो की हा शेवटी पंकला फसवणार की रोमनला. त्याने दोघांना फसवलं! आधी पंकला खालून फटका, रोमनच्या हातात खुर्ची दिली, रोमन खूश, आणि वळतो तोच रोमनला पण तसाच फटका. सेथने तीच खुर्ची रोमनच्या पाठीत घातली, डोक्यावर पाय देऊन स्टॉम्प मारला, एक दोन तीन. खोलीत कुणी ओरडलंच नाही, नुसते एकमेकांकडे बघत बसलो. आजोबा पोटमाळ्याच्या शिडीवर बसून बघत होते, ते म्हणाले, "हा जाड्या पहिल्यापासूनच त्या तिसऱ्याचा होता."

आता कुणी म्हणेल सगळं ठरवलेलं असतं. असतंच. नाटकाचा शेवट पण ठरलेलाच असतो की, तरी शिवाजी मंदिरला लोक तिकीट काढून जातात. प्रश्न एवढाच असतो की तो शेवट तुम्ही आधीपासून पेरलाय का. हेमनचा पेरलेला होता, म्हणून तो बसला. हे लक्षात ठेवा, सोमवारी याच्यावरूनच माझं डोकं फिरलं.

रविवारी सकाळी झोप कुठली. काकूंनी पिशवी दिली आणि बेडगी, संकेश्वरी आणायला पाठवलं. मिरची गल्लीत दिवसा जाणं हा वेगळा प्रकार आहे. डंक्यावर मुसळं एका लयीत पडत असतात, कुटणाऱ्याच्या भुवयांपर्यंत लाल पूड, आणि गिऱ्हाईक बायका तोंडाला पदर लावून स्वतःचाच मसाला कुटला जातोय ना यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवून. रांगेत उभं राहून मी आणि पक्या रात्रीच्या मॅचवर बोलत होतो तर पुढच्या मावशींनी वळून विचारलं, "रोमन हरला?" त्यांच्या मुलाचा आवडता म्हणे.

परत आल्यावर आजोबांनी विषय काढला दारा सिंगचा. आजोबा मिलमध्ये होते, तरुणपणी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर जाऊन त्यांनी दारा सिंग बघितलाय. हे ते दर वेळी सांगतात पण या वेळी आम्ही टॅक्सी केली आणि बघायलाच गेलो. महालक्ष्मीवरून हाजी अलीच्या अलीकडे, समोर आता कोस्टल रोडचे पूल एकमेकांत गुंतलेले, आणि बाजूला एनएससीआय डोम. आपण त्याला ओळखतो ते कॉन्सर्टसाठी नाहीतर यू मुंबाच्या कबड्डीसाठी, कोविडमध्ये इथे पेशंट ठेवले होते ते पण आठवत असेल. आत सोडलं नाही, सोडायचं कारणही नव्हतं. गेटवरच्या वॉचमनला पक्याने विचारलं की इथे दारा सिंगच्या कुस्त्या व्हायच्या माहितीये का, तो म्हणाला, "आज कुछ नहीं है, बुधवार को आना."

मी फुटपाथवर उभा राहून विचार करत होतो. २९ मे १९६८ ला याच शहरात दारा सिंगने लू थेझला हरवून वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतली. लू थेझ त्या वेळी ५२ वर्षांचा होता. आणि आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे काय बघणार होतो तर दोन दिवसांनी ४८ पूर्ण करणारा जॉन सीना. कुणी म्हातारा झाला म्हणून या धंद्यात कथा संपत नाही, उलट तिथूनच सुरू होते. दारा सिंगला डब्ल्यूडब्ल्यूईने हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते २०१८ मध्ये, तो जाऊन जवळपास सहा वर्षं झाल्यावर. उशीरच, पण घेतलं.

सोमवारची पहाट. सुरुवात कडक. इयो स्काय, रिया रिप्ली, बियांका बेलेअर. दोन्ही रात्रींमधली सगळ्यात भारी मॅच हीच, आणि मी यावर कुणाशीही वाद घालायला तयार आहे. इयोने वरून मूनसॉल्ट (उलटी कोलांटउडी) मारला आणि बेल्ट राखला तेव्हा काकू हातातली कणीक तशीच ठेवून बघत होत्या. डॉमिनिक मिस्टेरियो इंटरकॉन्टिनेंटल चॅम्पियन झाला, त्याला शिव्या घालणारे लोकच त्याच्यासाठी नाचत होते. स्टोन कोल्ड त्याच्या त्या चारचाकी बाइकवरून आला आणि गाडी थेट बॅरिकेडवर घातली, तेवढं मात्र स्क्रिप्टमध्ये नसावं.

आणि शेवटी सीना आणि चॅम्पियन कोडी ऱ्होड्स. मार्चमध्ये टोरांटोत सीनाने रॉकच्या इशाऱ्यावर कोडीला मारलं, वीसेक वर्षं हिरो राहिलेला माणूस व्हिलन झाला, त्या दिवशी मी ऑफिसमध्ये काम केलेलं नाही. वर्ल्ड चॅम्पियन होण्याचा विक्रम, रिक फ्लेअर १६ वेळा आणि सीनाही १६ वेळा, आता सतराव्यांदा. याच्याहून मोठी गोष्ट काय असणार? आणि मॅच काय, तर ढिम्म. सीना हळू, प्रेक्षक कन्फ्यूज, आम्ही वाट बघतोय की रॉक आता येईल, आता येईल. आला कोण? ट्रॅव्हिस स्कॉट. रॅपर. चालत आला निवांत. कोडीच्या हातात बेल्ट होता, मारू की नको करत बसला, सीनाने खालून फटका मारला, तोच बेल्ट डोक्यात, एक दोन तीन, सतरा वेळा चॅम्पियन. आणि ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तो रॉक दोन्ही दिवस फिरकलाच नाही! एवढं मोठं लग्न लावलं आणि ज्यांनी जमवलं ते मामाच गायब. पक्याचं म्हणणं, सीना जिंकला ना, रेकॉर्ड झालं ना, विषय संपला. माझं म्हणणं, शनिवारच्या हेमनला जेवढं महिनोन्महिने पेरलं त्याच्या चार आणे तरी इथे पेरायचे होते. व्हिलन म्हणून जिंकवायचंय तर जिंकवा, पण एवढ्या स्वस्तात?

साडेनऊपर्यंत हाच वाद. मग करी रोडवरून ठाण्याची लोकल धरली कारण ऑफिस कुणाला सुटलंय. डाउनला खिडकी मिळाली, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दारात माणसं लटकलेली, आणि माझ्या डोक्यात अजून रॉक का नाही आला हेच. मुलुंडला डोळा लागला.

मंगळवारी पहाटेचा रॉ (डब्ल्यूडब्ल्यूईचा दर सोमवारचा शो) मोबाइलवर बघितला, इअरफोन लावून, अंथरुणात. रँडी ऑर्टनने सीनाला आरकेओ (मान धरून आपटायचा त्याचा डाव) मारला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा वाटलं की हां, आता काहीतरी होतंय. १० मेला सेंट लुइसला, ऑर्टनच्या गावात, बॅकलॅश हा पुढचा मोठा शो होता. आपल्याकडे ११ ची पहाट, रविवार. मंग्याला फोन केला, आजोबांना पण विचारलं बघणार का. म्हणाले, सीना हरणार असेल तर उठव मला.