फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक

सॉलिहल, रविवार रात्र

माणूस सभ्य होता, हे आधी लिहून ठेवते. आमची जुनी रोव्हर गाडी विकायला काढली आहे, ती बघायला वेल्सहून एवढ्या लांब आला, दारात बूट काढले, चहा घेतला, कप स्वतः सिंकमध्ये नेऊन ठेवला. रोव्हरच्या भोवती दोन फेऱ्या मारल्या. गाडीच्या नाकावरच्या वायकिंग जहाजाच्या बिल्ल्यावरून बोट फिरवलं. आणि मग खिशातून फडक्यात गुंडाळलेलं छोटंसं लोहचुंबक काढून, गुडघे टेकून, दाराखालच्या पट्टीवर इंच इंच लावून बघायला लागला.

तेव्हापासून मला चैन नाही.

त्यात वावगं काही नाही, हे मला कळतं. इतकी वर्षं ह्यांच्यासोबत काढल्यावर एवढं कळणारच. चांगल्या पत्र्याला चुंबक चिकटतं. गंज झाकायला लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला असेल, तर चिकटत नाही. पी५, म्हणजे आमच्या गाडीचं मॉडेल, ही रोव्हरने वेगळ्या चासीशिवाय (खालच्या सांगाड्याशिवाय) बांधलेली पहिली गाडी, म्हणजे दाराखालच्या पट्ट्यांवरच सगळी मदार. त्या गेल्या की गाडी गेली. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते चिखलाबरोबर वर उडतं आणि कोपऱ्यात जाऊन बसतं. वरून लखलखणाऱ्या आणि खालून चाळण झालेल्या गाड्या ह्यांनीच मला दाखवल्या आहेत.

पण त्या दुसऱ्यांच्या. ही ह्यांची आहे.

आम्ही सगळं सांगितलं होतं की. १९७१ची पी५बी सलून, साडेतीन लिटरचं व्ही-आठ इंजिन. एकूण एक बिलाची फाइल टेबलावर काढून ठेवली होती. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना २०१८पासून एमओटीची, म्हणजे वार्षिक तपासणीची, सक्ती नाही, तरी हे दरवर्षी ती करून आणत. का, असं विचारलं तर म्हणत, सरकारने सूट दिली म्हणून ब्रेक म्हातारे व्हायचे थांबत नाहीत. २०२१मध्ये पंपावर ई१०, म्हणजे जास्त इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं, तेव्हापासून हिच्यासाठी कमी इथेनॉलचं, महागातलं ई५च भरतात. डॅशबोर्डखालचा हत्यारांचा खण त्या माणसाने ओढून पाहिला. प्रत्येक पाना आपापल्या खाचेत होता. ते बघून त्याला आनंद झाला, हे मला दिसलं. आणि तरीही चुंबक.

शब्दाला किंमत नाही, असंच वाटत राहिलं. ह्यांच्या शब्दाला. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचा एक पेनी बुडवला नाही, त्याच्या दारात येऊन त्याची गाडी तपासायची.

मुलाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, “आई, सगळेच असं करतात.” त्याला ही गाडी नको आहे. ठेवायला जागा नाही, हे खरंच आहे. असो.

मला सगळ्यात लागलं ते हे, की हे शेजारी उभे होते आणि ह्यांना तो काय करतोय ते दिसत नव्हतं. डोळ्यांचं ते झाल्यावर लायसन्स परत पाठवलं, त्या दिवसाबद्दल मला आज लिहायचं नाही. हे माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “काय करतोय गं तो? एकदम गप्प झाला.”

मी म्हटलं, “बघतोय.”

“चुंबक आणलंय?”

मी काहीच बोलले नाही. आणि ह्यांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. दाराला हात लावत लावत हे पुढे गेले, गुडघ्यांचं दुखणं विसरून खाली बसले आणि त्याचा हात धरून डाव्या मागच्या चाकापुढे नेला. इथे लावून बघ, म्हणाले. इथला पत्रा कुजला होता, कापून नवा जोडलाय, डाग दिलेली रेघ बोटाला लागेल. मग दोघे तिथेच. बुइक या अमेरिकन कंपनीचं ॲल्युमिनियमचं इंजिन रोव्हरने कसं मिळवलं, पी५बीतला बी त्या बुइकचाच, १९७३ला गाडी बंद झाली तरी सरकारने शेवटच्या गाड्या मंत्र्यांसाठी कशा राखून ठेवल्या, १९७९ला थॅचरबाई पंतप्रधान होऊन डाउनिंग स्ट्रीटला आल्या त्या अशाच गाडीतून, राणीची स्वतःची हिरवी पी५बी गेडनच्या मोटारींच्या संग्रहालयात आहे. त्या माणसाला यातलं बरंच माहीत असणार. तरी तो ऐकत होता, मध्येच प्रश्न विचारत होता. कितीतरी दिवसांनी ह्यांना असं बोलताना ऐकलं. इंजिन सुरू केलं तेव्हा दोघेही एकाच वेळी गप्प झाले.

आणि मी स्वयंपाकघरात दुसरा चहा ठेवत रागावलेलीच.

आता रात्री वाटतंय, आई बांगड्या मोडायला सराफाकडे न्यायची, तेव्हा त्याने कसोटीवर घासल्या म्हणून ती कधी दुखावली नाही. उलट त्याने नीट घासाव्यात, चारचौघांसमोर घासाव्यात, असंच तिला वाटायचं. खोट नाही हे तिला ठाऊक होतं. मला तरी दुसरं काय ठाऊक आहे? चुंबक एकदाही सुटलं नाही. फडकंही त्याने रंगावर ओरखडा उठू नये म्हणूनच गुंडाळलं होतं. अजून त्याची झालेली नसलेली गाडी तो एवढी जपत होता.

शब्दावर विश्वास ठेवून घेऊन गेला असता, तर गुडघे टेकून तिच्या खाली कोण बघणार होतं? ह्यांनी केलेलं सगळं काम खालीच तर आहे. वर फक्त पॉलिश.

तरी थोडं दुखतंच. ते जाईल तेव्हा जाईल.

शनिवारी तो परत येतोय. ह्यांनीच त्याला सांगितलं, गाडी गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवू, खालून सगळं सावकाश बघ. मी फाइलमधली बिलं वर्षांप्रमाणे लावायला घेतली आहेत. डाव्या पट्टीच्या कामाचे फोटो वर ठेवले. भाव मात्र एक पौंडही कमी करायचा नाही, हे ह्यांना आजच बजावून ठेवलंय.